बर्नची अस्वले

इ. स. १४४१ मध्ये बर्नच्या नगरसभेने ओक वृक्षाची फळे विकत घेतली. खरेदी मामुली होती. पण ज्यांच्यासाठी ती झाली ते आश्रित आगळे होते. नगराने पाळलेल्या अस्वलांच्या खाण्यासाठी हा खर्च झाला होता. बर्नमधील अस्वलांचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून ही नोंद दाखवली जाते. तेव्हापासून आजतागायत, मधली काही वर्षे सोडली तर, आरे नदीच्या वळणात वसलेल्या या स्विस नगराने सार्वजनिक खर्चाने अस्वले सांभाळली आहेत. १५२८ मध्ये नगराने धर्मपंथ बदलला, १७९८ मध्ये स्वातंत्र्य गमावले, १८४८ मध्ये ते स्विस संघराज्याच्या कारभाराचे केंद्र झाले. अस्वलांचा शिधा मात्र सहसा चुकला नाही.

याच शतकांत आणखी एक गोष्ट घडत होती. नगराबाहेरच्या रानांतून, मग खोऱ्याखोऱ्यांतून, आणि शेवटी आल्प्सच्या अगदी दुर्गम कोपऱ्यांतून हीच जात, म्हणजे तपकिरी अस्वल, नाहीशी होत होती. या दोन हकिकती बहुधा निरनिराळ्या सांगितल्या जातात. पहिली प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत, दुसरी वन्यजीवांच्या अभ्यासकांच्या अहवालांत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या समाजाने अस्वलावर इतका जीव लावला, त्याने तो नेमका कशावर लावला होता?

नगराची जन्मकथा शिकारीपासून सुरू होते. त्सेरिंगेन घराण्याचा ड्यूक पाचवा बेर्खटोल्ड याने ११९१ मध्ये हे नगर वसवले, आणि परिसरातील रानात जो प्राणी प्रथम मारला जाईल त्याचे नाव नगरास द्यावयाचे असे ठरवले. पहिला बळी अस्वलाचा पडला. म्हणून नगर बर्न. पंधराव्या शतकात कोनराड युस्टिंगर या बखरकाराने ही कथा लिहून ठेवली. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांना ती फारशी मान्य नाही. मध्ययुगीन जर्मन काव्यात इटलीतील व्हेरोना नगरास ‘बर्न’ म्हणत, त्यावरून हे नाव आले असावे असे एक मत आहे. आणि १९८० च्या दशकात बर्नजवळ सापडलेल्या जस्ताच्या एका प्राचीन पत्र्यावर ‘ब्रेनोदोर’ असे स्थलनाम आढळल्यापासून केल्टिक मुळाचा पक्ष बळावला आहे. ते काहीही असो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातच नगराच्या मुद्रेवर अस्वल आले होते, आणि एकदा मुद्रेवर बसलेला प्राणी व्युत्पत्तीच्या शास्त्राने खाली उतरत नसतो.

कथेतील एक तपशील मात्र दुर्लक्षून चालणार नाही. ज्याचे नाव घेतले त्याला आधी मारले आहे.

त्या भूमीत अस्वलाकडे पाहण्याची याहून जुनी रीत होती, तिचा पुरावा योगायोगाने उरला आहे. बर्नलगतच्या मुरी या गावी १८३२ मध्ये कांस्यमूर्तींचा एक साठा जमिनीतून निघाला. त्यात एक लहानसा गट आहे. एक देवी आसनावर बसली आहे. तिच्या पुढ्यात एक मोठे अस्वल उभे आहे आणि अस्वलाच्या मागे वृक्ष आहे. चौथऱ्यावर लॅटिन लेख आहे: लिकिनिया साबिनिल्ला नावाच्या स्त्रीने देवी आर्टिओ हिला हे अर्पण केले. मूर्तिगटाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांच्या मते मुळात तेथे अस्वल आणि वृक्ष एवढेच होते, देवीची मूर्ती नंतर बसवण्यात आली. आधी अस्वल पूज्य, मग त्याला मानवी रूपाची स्वामिनी, असा हा क्रम आहे.

‘आर्टिओ’ हे नाव मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. केल्टिक भाषेतील ‘आर्तोस’, ग्रीक ‘आर्क्तोस’, लॅटिन ‘उर्सुस’ आणि संस्कृत ‘ऋक्ष’ हे एकाच मुळाचे शब्द होत. जांबवानाला ऋक्षराज म्हणतात तो हाच ऋक्ष; आणि सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असे शतपथ ब्राह्मण सांगते, तेव्हा ग्रीकांनी त्याच ताऱ्यांना अस्वल म्हणावे याचे नवल उरत नाही. जर्मन आणि स्लाव भाषांनी मात्र हा मूळ शब्द टाकून दिला. नाव घेतले तर तो प्राणी समोर येईल या भीतीने रानातल्या लोकांनी त्याला आडनावाने संबोधले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. जर्मन ‘बेर’ म्हणजे तपकिरी रंगाचा. रशियन ‘मेद्‌वेद’ म्हणजे मध खाणारा, आणि त्यातील दोन्ही घटक संस्कृतातल्या ‘मधु’ आणि ‘अद्’ यांचे सख्खे भाऊ. भय आणि आदर यांची अशी सरमिसळ ज्या शब्दांत मुरलेली आहे, त्यांपैकीच एक शब्द पुढे एका नगराचे लाडके चिन्ह बनला. दरम्यान भयाचे काय झाले, हेच बर्नच्या इतिहासात पाहण्यासारखे आहे.

६ जून १५१३ रोजी उत्तर इटलीतील नोव्हारा येथे स्विस पायदळाने फ्रेंच सैन्याचा पराभव केला. बर्नचे सैनिक जिंकलेली निशाणे घेऊन परतले आणि त्यांनी लुटीबरोबर एक जिवंत अस्वलही आणले, असे व्हालेरिउस आन्सहेल्म या बखरकाराने नोंदवले आहे. आज ज्या चौकाला बेरेनप्लाट्झ म्हणजे अस्वलचौक म्हणतात तेथे त्याला ठेवण्यात आले. १४४१ ची ओकफळे विस्मरणात गेली आणि नगराच्या स्मृतीत अस्वलांची परंपरा या विजयापासून मोजली जाऊ लागली. हेही स्वाभाविकच. विकत घेतलेल्या चाऱ्यापेक्षा जिंकून आणलेले जनावर स्मरणाला अधिक मानवते. शत्रूच्या तंबूतून आलेले हे अस्वल एकाच वेळी बंदिवान होते आणि विजेत्या नगराचे प्रतिरूपही होते. त्यानंतर वीसएक वर्षांनी, १५३५ मध्ये, उभारलेल्या त्सेरिंगेन कारंज्यावर चिलखत घातलेले, हाती निशाण धरलेले अस्वल उभे आहे. त्याच्या पायाशी एक पिल्लू द्राक्षे खात बसले आहे. दगडातल्या अस्वलाच्या अंगी शौर्य, आणि चौकातल्या अस्वलाच्या वाट्याला कोंडवाडा, अशी ही वाटणी होती. त्या काळच्या कोणाला तीत विसंगती वाटली असण्याचा संभव कमी.

चिन्ह जिवंत असले म्हणजे ते पळवताही येते. मार्च १७९८ मध्ये फ्रेंच फौजांनी बर्न घेतले. नगराचा प्रसिद्ध खजिना त्यांनी पॅरिसला रवाना केला आणि सोबत अस्वलेही नेली. पॅरिसच्या वनस्पतिउद्यानातील प्राणिसंग्रहात ती ठेवण्यात आली. त्यांपैकी एकाचे नाव मार्टिन होते आणि त्याच्यावरूनच तिथल्या पुढच्या सगळ्या अस्वलांना मार्टिन म्हणण्याची रीत पडली, असे सांगतात. सोने नेले याचे दुःख बर्नकरांना होतेच, पण अस्वले नेली हा अपमान होता. काही वर्षे नगर अस्वलांविना राहिले. सत्तांतराचा फेरा उलटल्यावर ज्या गोष्टी पूर्ववत करण्यात आल्या त्यांत अस्वले होती.

बेरेनप्लाट्झवरील जागा अठराव्या शतकातच सोडावी लागली होती. त्यानंतर नगराच्या वाढीबरोबर अस्वलांचा मुक्काम हलत राहिला. आगगाडी नगरात येऊ घातली तेव्हा तिलाही जागा करून द्यावी लागली. आणि १८५७ मध्ये नीडेग पुलाच्या पूर्वेच्या टोकाशी चौथा खंदक बांधून झाला. बेरेनग्राबेन, अस्वलखंदक, या नावाने जगभर प्रसिद्ध झालेला तो हाच. दीडशे वर्षे तो वापरात होता.

त्याची रचना साधी होती. दगडी चिरेबंदीचा, विहिरीसारखा खोल गोल खड्डा, मध्ये चढण्यासाठी फांद्या छाटलेला एक वृक्ष, पाण्याचे कुंड, भिंतीच्या पोटात निजण्याच्या कोठड्या. वर कठड्याला टेकून माणसे उभी, खाली अस्वले. गाजरे आणि पाव विकणारे जवळच असत. वरून काही पडेल म्हणून अस्वले मागच्या पायांवर उभी राहत, पंजे जोडल्यासारखे करीत, पाठीवर लोळून पाय धरीत. वसंतात ईस्टरच्या सुमारास नवी पिल्ले प्रथम बाहेर सोडली जात आणि ती पाहण्यासाठी घरेच्या घरे लोटत. बर्नमधील कित्येक पिढ्यांच्या बाळपणाच्या आठवणीत तो दिवस आहे, आणि ती आठवण खोटी नव्हे. येथे कोणी अस्वलाला मारीत नव्हते, उपाशी ठेवीत नव्हते. दरवेशाच्या अस्वलाची वेसण आणि काठी ज्यांनी पाहिली आहे त्यांना खंदकातील जीवन सुखाचेच वाटले असते. दरवेशाचे अस्वल भयाने नाचते. बर्नचे अस्वल आर्जवाने उभे राहत होते.

पण अस्वल म्हणजे काय, हे त्या खड्ड्यात कधीच दिसू शकत नव्हते. तपकिरी अस्वल हा मुळात चालणारा आणि हुंगणारा प्राणी आहे. त्याचे जग नाकात असते. वसंतात कोवळे गवत, हिमकड्यांखाली सापडून मेलेल्या जनावरांची कलेवरे. उन्हाळ्यात मुंग्यांची वारुळे, मुळे, कंद. शरदात बोरासारखी रानफळे आणि ओक-बीच यांच्या बिया. हा सगळा शोधाचा संसार आहे आणि त्यासाठी एकेक नर शेकडो चौरस किलोमीटर मुलूख पालथा घालतो. हिवाळ्यात तो बिळात जाऊन महिनोन् महिने निजतो. मादी त्याच झोपेच्या काळात अर्धा किलोहूनही हलकी पिल्ले जन्मास घालते आणि आपल्या साठलेल्या चरबीवर त्यांना पोसते. ज्याला रोज ठरल्या वेळी अन्न मिळते त्याला शोधावे लागत नाही. बारमाही शिधा मिळणारी अस्वले पुष्कळदा नीट निजतही नाहीत. उरतो तो वेळ. बंदिस्त अस्वले भिंतीच्या कडेने त्याच वाटेवर, त्याच जागी वळत, मान डोलवत तासन् तास येरझारा घालतात, हे कोणत्याही जुन्या प्राणिसंग्रहालयात पाहता येई. कठड्यावरून पाहणारा त्याला खेळ समजतो.

खंदक बांधला जात होता त्या काळी बर्नच्या कँटनमधील रानात अस्वल उरले नव्हते. पूर्वेकडील ग्राउब्युंडेनच्या खोऱ्यांत मात्र ते होते. तेथे त्याचा इतिहास निराळ्या प्रकारे लिहिला जात होता, म्हणजे सरकारी इनामांच्या हिशेबात. मारलेल्या अस्वलामागे रोख रक्कम मिळे. आल्प्समधील मेंढपाळाचा संसार उन्हाळी कुरणांवर चाले. एका रात्रीत बिथरून कड्यावरून कोसळलेला कळप म्हणजे त्या घराची वर्षाची कमाई गेली. तेव्हा त्या माणसांना क्रूर म्हणणे हे नगरात बसून करावयाचे काम आहे. पण एवढ्यानेच अस्वल संपले नसते. एकोणिसाव्या शतकात उतारांवरची जंगले लाकडासाठी तोडली गेली, रानातले हरीणकुळातील प्राणी शिकारीने जवळजवळ नाहीसे झाले, कुरणे रानाच्या काठापर्यंत सरकली आणि बंदुका अधिक अचूक झाल्या. अस्वल ज्या वेगाने प्रजा वाढवते तो वेग या सगळ्याला पुरणारा नव्हता. मादी दोन-तीन वर्षांनी एकदा विते, आणि सगळी पिल्ले जगतात असे नाही.

१ सप्टेंबर १९०४ रोजी खालच्या एंगाडीनमधील शार्ल या वस्तीजवळच्या डोंगरात दोघा शिकाऱ्यांनी एक अस्वल मारले. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये मारले गेलेले ते शेवटचे रानटी अस्वल ठरले. शिकाऱ्यांचे अस्वलाबरोबरचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात विजयाचा भाव आहे, आणि शेवटाची जाणीव त्यात असण्याचे कारणही नाही. अवघ्या दहा वर्षांनी, १ ऑगस्ट १९१४ रोजी, त्याच परिसरात स्विस राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. मनुष्याच्या हस्तक्षेपाविना निसर्ग जसा असेल तसा राहू द्यावा, हे त्याचे तत्त्व होते. मात्र ज्याच्यासाठी हे तत्त्व सर्वांत निकडीचे होते तो नुकताच गेला होता. १९६२ मध्ये कायद्याने तपकिरी अस्वलाला संरक्षण दिले. देशात त्या वेळी रानात अस्वल नव्हते. नसलेल्या प्राण्याला अभय देणे कोणत्याही शासनाला सोपे जाते.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात बर्नमधील खंदक हेच स्विस मुलाला अस्वल भेटण्याचे मुख्य ठिकाण उरले. रानातले अस्वल संपत गेले तसतसे खंदकातले अधिकाधिक गोड होत गेले, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. ज्याचे भय उरले नाही त्याच्यावर बिनधोक माया करता येते. चॉकलेटवर, घड्याळावर, खेळण्यावर अस्वल आले. मूळचे सैनिकी अस्वल पिल्लाच्या वयाचे झाले.

शतकाच्या अखेरच्या दशकांत लोकांची दृष्टी पालटू लागली. खंदकाचे नूतनीकरण झाले, कठोर फरशीवर माती आली. पण विहिरीला अंगण करता येत नाही. प्राण्यांच्या हालांविषयी प्रवासीच तक्रारी करू लागले. अखेरीस नगराने नवे आवार बांधण्याचे ठरवले. जुन्या खंदकातील शेवटचे अस्वल पेद्रो याला वार्धक्यातील व्याधींमुळे एप्रिल २००९ च्या अखेरीस दयामरण देण्यात आले, आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला खंदकापासून आरेच्या पात्रापर्यंत उतरणाऱ्या सुमारे ६,००० चौरस मीटरच्या उतारावर अस्वलउद्यान खुले झाले. झाडे, झुडपे, बिळे, नदीच्या पाण्याशेजारी पोहण्यासाठी लांब तलाव. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि त्यावरून वादही झाला. पण बर्नच्या अस्वलांना शतकांनंतर प्रथमच उतार चढावयास मिळाला, हे खरे.

उद्यान उघडून महिना झाला नव्हता तोच एक मानसिकदृष्ट्या अपंग तरुण आत उतरला आणि फिन या नराने त्याच्यावर हल्ला केला. पोलिसांनी फिनवर गोळी झाडली. माणूस आणि अस्वल दोघेही वाचले. जखमी अस्वलासाठी शुभेच्छांचा वर्षाव झाला. या प्रसंगाकडे वर्तमानपत्रांनी अपघात म्हणून पाहिले. इतिहासाच्या दृष्टीने पाहता खूप काळानंतर बर्नकरांना आठवण झाली होती की हा प्राणी अस्वल आहे. दुसरी आठवण याहून कठीण होती. त्याच २००९ साली रशियाचे तत्कालीन अध्यक्ष मेदवेदेव यांनी स्वित्झर्लंडला मिशा आणि माशा ही अस्वलांची जोडी भेट दिली. (ज्यांचे आडनावच ‘मेद्‌वेद’ या शब्दावरून आले त्यांनी अस्वले द्यावीत हा योग मौजेचा खरा.) ती बर्नच्या डेलहोल्झ्ली प्राणिसंग्रहालयात ठेवली होती. २०१४ च्या आरंभी माशाला दोन पिल्ले झाली. नराने त्यांतील एक एप्रिलमध्ये पाहणाऱ्यांच्या देखत मारले. दुसऱ्याची तीच गत होऊ नये म्हणून व्यवस्थापनाने त्याला स्वतःच दयामरण दिले. मोठा गदारोळ उठला. रानात नर पिल्लांना मारतात हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण रानात मादी पिल्लांना घेऊन दूर निघून जाऊ शकते. आवारात दूर नावाची जागा नसते.

एव्हाना रानातला इतिहास पुन्हा सुरू झाला होता. इटलीच्या ट्रेंटिनो प्रांतातील आदामेल्लो-ब्रेंता पर्वतराजीत मूठभर अस्वले तग धरून होती, त्यांचाही वंश बुडत चालला होता. १९९९ ते २००१ या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वले आणून तेथे सोडण्यात आली. योजना अपेक्षेहून अधिक फळली. पुढल्या दोन दशकांत तेथील संख्या शंभराच्या घरात गेली. अस्वलांना राष्ट्रांच्या सीमा माहीत नसतात, आणि वयात येणारे नर फार दूरवर भटकतात. २५ जुलै २००५ रोजी असाच एक तरुण नर स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, दिसला. १९०४ नंतर शंभर वर्षांनी अस्वल जवळजवळ त्याच डोंगरांत परत आले होते. प्रवाशांची झुंबड उडाली. अभ्यासकांच्या वहीत त्याची नोंद जेजे-२ अशी होती: बाप योझे, आई युर्का, त्यांच्या अपत्यांतील दुसरा. लोकांनी त्याचे नाव लुंपाझ ठेवले. त्याच शरदात तो नाहीसा झाला. पुन्हा दिसला नाही.

त्याचा भाऊ जेजे-१ हा २००६ साली ऑस्ट्रियातून जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात शिरला. १८३५ पासून तेथे रानात अस्वल आढळले नव्हते. प्रथम त्याचे स्वागत झाले. मग त्याने मेंढ्या मारल्या, मधाच्या पेट्या फोडल्या, खुराडी लुटली. कोखेल गावात तो चक्क पोलीसचौकीपाशी येऊन बसल्याची बातमी झाली. बव्हेरियाचे मुख्यमंत्री एडमुंड श्टोइबर यांनी अस्वलांचे सामान्य, उपद्रवी आणि समस्याग्रस्त असे वर्ग पाडले, आणि सगळ्या देशाने त्यावर करमणूक करून घेतली. वर्तमानपत्रांनी त्याला ब्रूनो म्हटले. फिनलंडहून शिकारी कुत्रे आणवून त्याला जिवंत धरण्याचा प्रयत्न फसला आणि २६ जून २००६ च्या पहाटे त्याला गोळी घालण्यात आली. आज तो म्युनिकच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. ग्राउब्युंडेनमध्ये आलेला आणखी एक भाऊ, जेजे-३, याला १४ एप्रिल २००८ रोजी अधिकाऱ्यांनी मारले. त्याला कचऱ्यावर आणि वस्तीतल्या अन्नावर जगण्याची सवय लागली होती. एम-१३ हा नर २०१२ मध्ये एंगाडीनात आगगाडीची धडक बसूनही वाचला. पण तोही वस्तीशी सलगी करू लागल्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये पोस्कियाव्हो खोऱ्यात मारला गेला. गळ्यात पट्टा असल्याने त्याचा ठावठिकाणा सदैव ठाऊक होता.

या प्रकरणांत एक गोष्ट उठून दिसते. नीडेग पुलाजवळचे अस्वल पावासाठी माणसापुढे उभे राहिले की ते लाडके ठरे. तेच धैर्य रानातल्या अस्वलाने दाखवले की ते समस्याग्रस्त ठरते. दोघांचा दोष एकच आहे, की माणसाकडे अन्न मिळते हे ते शिकले आहेत. फरक मधल्या भिंतीचा आहे. आणि तरीही अधिकाऱ्यांना सर्वस्वी दोषी धरता येत नाही. ट्रेंटिनोत एप्रिल २०२३ मध्ये डोंगरवाटेवर धावावयास गेलेला २६ वर्षांचा तरुण अस्वलाच्या हल्ल्यात ठार झाला. हल्ला करणारी मादी जेजे-४, ब्रूनोचीच बहीण. ज्या भयामुळे एकेकाळी अस्वलाचे नाव घेणेही टाळत, ते निराधार नव्हते. मृताच्या गावातील लोकांना ते कोणी पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या कुळाची माता युर्का २००७ मध्येच पकडली गेली होती. तिच्या पिल्लांना वस्तीत अन्न शोधण्याची खोड तिच्यामुळेच लागली, असे ठरवण्यात आले होते. ट्रेंटोजवळच्या कुंपणात काही काळ ठेवून २०१० मध्ये तिला जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील, सर्कशींतून आणि खंदकांतून सुटका झालेल्या अस्वलांच्या आश्रमात पाठवण्यात आले. जेजे-४ हिलाही ठार करण्याचे हुकूम निघाले, न्यायालयांत अडले, आणि ती कुंपणात राहिली. २०२५ च्या जुलैमध्ये तिलाही त्याच आश्रमात आणण्यात आले. तेथे जन्मभर पिंजऱ्यात काढलेली अस्वले मोकळ्या झाडीत हळूहळू माती उकरावयास, बीळ खणावयास शिकतात. आणि मोकळ्या डोंगरात जन्मलेल्या या दोघींना कुंपण शिकावे लागले. कैदेतून सुटलेले आणि स्वातंत्र्यातून धरून आणलेले एकाच झाडीत आले आहेत. नगराच्या चौकात १५१३ मध्ये आणलेल्या त्या अस्वलालाही मरण आणि कोंडवाडा यांपैकी दुसरे मिळाले होते. एवढे खरे की आजचा कोंडवाडा पुष्कळ मोठा आहे आणि तो बांधणाऱ्यांना त्याबद्दल संकोच वाटतो.

२०१६ मध्ये एम-२९ हा नर मध्य स्वित्झर्लंडमधील उरी कँटनमध्ये दिसला. त्याने माणसाशी अंतर राखले होते. त्याच्याविषयी बातम्या फार झाल्या नाहीत, आणि त्याला कोणी नावही ठेवले नाही. २०१७ च्या मे महिन्यात एरित्स या गावाच्या परिसरात त्याचे छायाचित्र घेतले गेले. बर्नच्या कँटनमध्ये रानटी अस्वल आले त्याला एकशे नव्वदहून अधिक वर्षे उलटली होती. एरित्सपासून बर्नचे अस्वलउद्यान सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे. तरुण नराला ते एका रात्रीचे चालणे. तो त्या दिशेला वळला नाही. डोंगराच्या कडेने तो पुढे गेला आणि नंतरही मध्य स्वित्झर्लंडच्या रानांत अधूनमधून त्याच्या पाऊलखुणा आढळत राहिल्या.